झेबाबीबीच्या डब्यावरील काळ्या मुंग्यांची स्वारी

श्री. स्वस्ति. शके एकोणीसशे एकतीस, संवत्सराचे नाव विरोधी, आणि नाव ठेवणाऱ्याने ते काही उगाच ठेविले नव्हते. मुक्काम रास तनुरा, अरबस्तानाचा पूर्व किनारा, जेथे जमिनीखालून तेल आपोआप वर येते आणि प्यावयाचे पाणी मात्र बाटलीतून विकत घ्यावे लागते, ऐशा मुलखी काळ्या मुंग्यांची जी थोर स्वारी जाहली, आणि तीस एका कोकणच्या वेल्डराने जे तोंड दिले, त्याचा हा करीना, म्हणजे हकीकत. ज्यांनी ही मोहीम डोळ्यांदेखत पाहिली त्यांपैकी कोणी कमी सांगितले, कोणी फुगवून सांगितले, आणि नागेश मेस्त्रीने तर काहीच सांगितले नाही, कारण त्यात त्याची लाज जात होती. मग चहूंकडून गोळा करून, तिखटमीठ लागेल तेवढेच घालून, हा मजकूर येथे लिहिला आहे. ज्यास खोटे वाटेल त्याने रव्याचा लाडू उघड्यावर ठेवून पाहावे.

राजमान्य राजेश्री धोंडीरामजी वेल्डर, मूळ वतन चिपळूण परगणा, हे पाइपास पाइप ऐसा जोडीत की सांधा शोधावयास इन्स्पेक्टराने भिंग आणावे आणि भिंग पुसून परत जावे. यांचा मुक्काम कंपनीच्या कँपात एका पोर्टा केबिनीत होता, ती सारी पत्र्याची, आणि त्या पत्र्याच्या किल्ल्यात चार पलंग होते. एक धोंडीरामजींचा. दुसरा नागेश मेस्त्री यांचा, हे कुडाळचे, एसी दुरुस्तीत माहीर आणि बोलण्यात तिखट. तिसरा समाधान इलेक्ट्रिशियन याचा, हा सांगलीकडचा, चौघांत धाकटा, आणि याचे सारे चित्त टीव्हीवरच्या जनावरांच्या चॅनेलात, जेथे सिंह हिंदीतून डरकाळी फोडतो. चौथा पलंग खानसाहेब बदरुद्दीन क्रेनवाले, रत्नागिरी किनाऱ्याचे, यांचा. पण ते जिझानच्या बंदरावर कामगिरीस गेले होते आणि रमजान ईदेच्या सकाळी परतणार होते, तोवर त्यांच्या पलंगावर सर्वांचे धुतलेले कपडे मुक्कामास होते.

ऐसियात गावाकडून परतलेल्या एका गड्याबरोबर एक डबा येऊन पोहोचला. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, आणि खानसाहेबांच्या मातोश्री शरफुन्निसाबी यांनी तो पांढऱ्या मांजरपाटात घालून चहूंबाजूंनी सुईदोऱ्याने शिवलेला, जैसे कोकणातून परदेशी जाणारे डबे पूर्वापार शिवतात. धोंडीरामजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याच सांजेस जिझानहून फोन आला. खानसाहेब म्हणाले, "धोंडीभाऊ, झेबान पयल्यांदा आपल्या हातान लाडू वळलेत. तू फक्त नजर ठेव. शिवण ईदेला मी येऊन उसवतो." झेबाबीबी म्हणजे त्यांची कन्या, वय वर्षे आठ, आणि बापाने तिला शेवटची पाहिली तेव्हा तिचा हात ओट्यापर्यंत पोहोचत नव्हता. मग धोंडीरामजींनी शब्द दिला की डब्यास मुंगीही शिवणार नाही. बोलण्याच्या ओघात माणूस काय काय बोलून जातो.

हा शब्द धोंडीरामजींस जड होता आणि त्यास कारणही होते. त्यांच्या घरी मुलगा जाहला तेव्हा खानसाहेब रजेवर निघाले होते, आणि त्यांनी धोंडीरामजींनी घेतलेले चांदीचे वाळे छातीशी धरून, स्वतःचे घर लांबणीवर टाकून, आधी चिपळूण गाठले आणि धोंडीरामजींच्या पत्नी पारूवहिनींच्या हाती दिले, मग घरी गेले. ऐशा माणसाची अमानत. धोंडीरामजींनी डबा आपल्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेविला आणि निजण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर त्याचे दर्शन घेऊ लागले. मुदपाकखान्यातील फ्रिजात ठेवावा ऐसे समाधानाने सुचविले, परंतु त्या सामाईक फ्रिजाचा लौकिक ऐसा की आत गेलेला जिन्नस धन्यास परत मिळाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही, सबब ती मसलत तेथेच बारगळली.

त्याच सुमारास कँपबॉस यांचा हुकूम सुटला की एसीचे पाणी मागच्या वाळूत ठिबकून चिखल होतो, चिखलात डास होतात, आणि बडे साहेब तपासणीस येणार आहेत, तस्मात प्रत्येक एसीस नळी जोडून पाणी कॅनमध्ये घ्यावे, यल्ला, खलास, म्हणजे चला, विषय संपला. नागेश मेस्त्रींनी साऱ्या कँपात नळ्या जोडिल्या आणि काम ऐसे चोख केले की केबिनींमागची ओली वाळू दोन दिवसांत पापडागत वाळली. साहेब आले, वाळू पाहिली, संतुष्ट होऊन गेले. कोणाची तक्रार आली नाही. ज्यांस तक्रार होती त्यांस कँपबॉसाकडे अर्ज करण्याची सोय नव्हती.

मग पितृपंधरवडा लागला आणि पत्र्याच्या खिडकीच्या फटीतून शत्रूचे पहिले जासूद आत आले. काळ्या, बारीक, अंगाने लुकड्या आणि चालीने घायकुत्या, जणू त्यांची बस चुकत होती. त्या भिंतीवरून उतरल्या, टेबलाच्या पायापाशी घुटमळल्या, मिशा हलविल्या, आणि आल्या वाटेने परतल्या. धोंडीरामजींनी पाहिले आणि आधी डब्यास हात लावून खात्री केली. नागेश मेस्त्रींनी पलंगावरूनच सल्ला दिला, "स्प्रे मार आणि मोकळो हो. मुंगयेक कसलो घाबारतंस?" परंतु स्प्रे मारावा तर त्याचा वास मांजरपाटातून लाडवांत उतरणार, आणि दुसरे ऐसे की पंधरवडा पितरांचा, कोण पूर्वज कोणत्या रूपाने दारी येईल याचा नेम नाही, धोंडीरामजींचे आजोबा तर जिवंतपणीही ऐसेच, न कळविता येत आणि आधी गोडाचा डबा शोधीत. तस्मात जीव घ्यावयाचा नाही, फक्त वाट अडवावयाची, ऐसा बेत मुक्रर जाहला.

यावर समाधानाने अर्ज केला की चॅनेलवाल्यांचे म्हणणे पाहता, वारुळाबाहेर हिंडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, लढणाऱ्या मुंग्या साऱ्या बायकाच असतात, नर तो घरी बसून असतो आणि एक लग्न करून मरतो. "म्हणजे आजोबा नसतील, धोंडीभाऊ. आजी असेल." हे ऐकून धोंडीरामजींस अधिकच घाम फुटला, कारण आजोबांस समजावता तरी येत असे.

आता कोकणच्या माणसास मुंगीचा एकच बंदोबस्त ठाऊक, तो म्हणजे पाणी. तेथे दुधाचे पातेले पाण्याच्या थाळीत राहते, गुळाची ढेप पाण्याच्या थाळीत राहते, कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे राहतात, आणि मुंगी काठाशी येऊन पाणी पाहते आणि हात जोडून परत जाते. हे धोंडीरामजी आईच्या मांडीवर शिकले होते आणि त्यात शंका घेणे म्हणजे आईवर शंका घेणे. त्यांनी मुदपाकखान्यातून कणीक मळावयाची मोठी परात मागवली, टेबलावर मांडली, मध्ये वाटी पालथी घालून तीवर डबा चढविला आणि परात काठोकाठ भरली. ऐसा जलदुर्ग तयार जाहला. धोंडीरामजी दोन पावले मागे सरून त्याजकडे पाहते जाहले आणि त्यांस मुरुड-जंजिरा आठवला, जरी ते कधी तेथे गेले नव्हते.

दुसरे दिवशी कामावरून परतून पाहतात तो खिडकीपासून परातीपर्यंत काळी दोरी ताणलेली. ती दोरी हलत होती. परातीच्या काठास काळी किनार लागली होती, आणि मुंग्या दाटीवाटीने, खांद्यास खांदा लावून, गडास वेढा घालून उभ्या होत्या. डबा मात्र सुखरूप. धोंडीरामजी म्हणाले, खंदकाने काम केले. खंदक नसता तर काय प्रसंग गुदरता. मग त्यांनी विचार केला की शत्रूस परातीपर्यंतही येऊ देणे ठीक नव्हे, आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत बुडविले. तिसरे दिवशी वेढा दुप्पट. मग पलंगाचे पाय वाट्यांत गेले. मग खिडकीखाली एक बशी, दाराशी एक ताट, आणि वाट्या संपल्या तेव्हा चहाचे कप, आणि कप संपले तेव्हा नागेश मेस्त्रींचा दाढीचा मग. जितके पाणी वाढे तितकी फौज वाढे. एवढे होऊनही धोंडीरामजींच्या ध्यानात काही आले नाही, आणि आले नाही यात त्यांचा दोष नाही. पाण्याने मुंगी वाढते हे त्यांस कोणी आईच्या मांडीवर सांगितले नव्हते.

समाधान मात्र रोज सायंकाळी चॅनेल पाहून ताजी खबर आणी आणि धोंडीरामजी तिजवर ताबडतोब मोहीम काढीत. समाधान म्हणाला की फुलपाखरू पायांनी चव घेते, पानावर उभे राहिले की त्यास पान गोड की कडू ते कळते. मग मुंगीसही कळत असेल ऐसा कयास बांधून धोंडीरामजींनी कारल्याचा रस काढिला आणि खिडकीच्या फटीस माखिला. मुंग्यांनी तो ओलांडिला. समाधान खजील होऊन म्हणाला की ते फुलपाखराचे होते. दुसरे दिवशी खबर आली की मुंग्या वासाच्या रेघेवरून चालतात, पुढचीने रेघ ओढावी आणि मागचीने हुंगत यावे. मग सगळी वाट साबणाने धुतली आणि तीवर लिंबू पिळिले, तेव्हा मुंग्या जागच्या जागी गोंधळून फिरू लागल्या, आणि नागेश मेस्त्रींनी विजय जाहला म्हणून चहा टाकिला. चहा गाळून होईतो शत्रूने लिंबास वळसा घालून नवी रेघ ओढिली होती.

मग नागेश मेस्त्रींस संताप येऊन त्यांनी फौजेस मालवणीतून शिवीगाळ आरंभिली, ती अस्सल आणि लांबलचक; तेव्हा समाधानाने नम्रपणे सांगितले की मुंगीस कान नसतात, ती पायांनी जमिनीची थरथर ऐकते. नागेश मेस्त्री क्षणभर थांबले आणि मग जमिनीवर पाय आपटून शिव्या देऊ लागले. शेजारच्या केबिनीतील मल्याळी मंडळी भूकंप जाहला काय म्हणून विचारावयास आली आणि परातीभोवतीचा वेढा पाहून अदबीने परत गेली.

समाधानाच्या खबरींस अंत नव्हता. मुंगीस पोटे दोन, एक स्वतःचे आणि एक सरकारी, आणि सरकारी पोटातले ती वाटेत भेटेल त्या बहिणीस तोंडात तोंड घालून देते. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते. तिचे कूळ डायनोसॉराच्या काळापासून चालत आलेले आहे. पृथ्वीवर जनावरांच्या जितक्या जाती त्यांत सर्वांहून अधिक जाती भुंग्यांच्या, आणि त्यांत एक भुंगा ऐसा की शत्रू आला की बुडातून उकळते पाणी फवारतो. धोंडीरामजींनी विचारिले की हा भुंगा सौदीत मिळेल काय. समाधान म्हणाला की मिळाला तरी तो कोणाचे ऐकावयाचा नाही. मग तो म्हणाला की आफ्रिकेच्या एका वाळवंटात दुसरा एक भुंगा आहे, तो पहाटे धुक्यात डोके खाली आणि पार्श्वभाग वर करून उभा राहतो, धुके पाठीवर जमते आणि थेंब थेंब घरंगळून तोंडात येते, तेच त्याचे पाणी. धोंडीरामजी संतापले आणि त्यांनी फर्माविले की लाडवांचा प्रसंग चालू असता भुंग्याच्या पार्श्वभागाची चर्चा या किल्ल्यात होऊ नये.

सर्वपित्री अमावास्या आली, वार शुक्रवार, सुट्टीचा, आणि ईद दोन दिवसांवर. सकाळी धोंडीरामजी उठून पाहतात तो आभाळ फाटले. एसीच्या कोरड्या वाऱ्याने परातीतले पाणी रातोरात खाली गेले होते, पालथी वाटी उघडी पडली होती, आणि शत्रूची एक टोळी वाटीवर चढून मांजरपाटाच्या शिवणीपाशी मिशा हलवीत होती. गावी दमट हवेत चार दिवस टिकणारा खंदक येथे एका रात्रीत आटला. धोंडीरामजींनी झडप घालून डबा उचलिला, फुंकर मारिली, झटकला, पुन्हा फुंकर मारिली, आणि मग खोलीच्या मध्यभागी खुर्ची मांडून, खुर्चीचे चार पाय चार ताटांत ठेवून, ताटे भरून, मांडीवर डबा घेऊन बसते जाहले. त्यांनी जाहीर केले की ईदेच्या पहाटेची बांग होईतो आपण येथून हलणार नाही. जेवण मांडीवरच्या डब्यावर ताट ठेवून जाहले. समाधानाने विचारिले की लघुशंकेस कैसे करणार, तेव्हा धोंडीरामजींच्या चेहऱ्यावर तो विचार प्रथमच उमटला.

धोंडीरामजी ऐसे बेटासारखे बसले असता त्यांस पुढचा प्रसंग दिसू लागला. बदरुद्दीन ईदेच्या सकाळी दारातून आत येईल, हात पुढे करील, आणि शिवण उसवून पाहील तो आत भुसा. तो रागावणार नाही, उलट म्हणेल की जाऊ दे धोंडीभाऊ, आणि तेच सहन होणार नाही. पोरीने पहिल्यांदा वळलेला लाडू पुन्हा वळता येत नाही. दुसऱ्यांदा वळला की तो दुसरा. या विचाराने त्यांचे डोळे भरून आले आणि डोळे पुसावयास मान खाली घातली, तो त्यांची नजर ताटाच्या काठावर पडली.

मुंग्या आल्या होत्या आणि ताटाच्या काठावर ओळीने उभ्या होत्या. धोंडीरामजींनी इतके दिवस त्यांस शत्रू म्हणून पाहिले होते, निवांत बसून पाहिले नव्हते. आता दुसरा उद्योगच नव्हता म्हणून पाहिले. एकही मुंगी वर डब्याकडे पाहत नव्हती. साऱ्या डोकी खाली घालून, तोंड पाण्यास लावून, स्तब्ध उभ्या होत्या, आणि पिणे आटोपले की मागे सरून दुसरीस जागा देत होत्या, आणि पोट तट्ट फुगवून खिडकीकडे चालू लागत होत्या. वाटेत समोरून येणारी भेटली की थांबत, तोंडात तोंड देत, आणि पुढे जात. एका मुंगीच्या पोटात पाणी चमकत होते. चैत्रवैशाखात गावच्या नळावर बायकांची रांग लागते तैसी ती रांग होती, फक्त भांडणे नव्हती.

धोंडीरामजींनी हळू आवाजात समाधानास विचारिले, "तो तुझा भुंगा. ढुंगण वर करून उभा राहतो, तो कशासाठी म्हणालास?"

"पाण्यासाठी. वाळवंटात दुसरं काय मागणार तो?"

मग धोंडीरामजी खुर्चीवर बसल्या बसल्या हसू लागले, आणि हसता हसता मांडीवरचा डबा डगमगू लागला, तेव्हा दोन्ही हातांनी धरून हसू लागले. ते म्हणाले, "अरे, ह्या लाडवांवर आल्याच नाहीत. ह्या पाण्याला आल्यात. आणि मी येड्यासारखा घागरी भरतोय." कोकणात पावसाने बिळे भरतात म्हणून मुंगी पाण्यास भिऊन घरात येते, आणि येथे तीच मुंगी पाण्याच्या आशेने घरात येते, आणि चिपळूणकराने चिपळूणचे शास्त्र घेऊन वाळवंटात खंदक खणला आणि शत्रूच्या स्वागतास पाणपोई उघडली. डबा वाटेत उभा होता एवढाच त्याचा अपराध. शिवणीपाशी गेलेली टोळी ओल संपल्यावर पुढे कोठे मिळते काय ते शोधीत होती, मात्र गोडाचा वास लागल्यावर तिने कितपत सभ्यपणा पाळिला असता हे सांगवत नाही.

मग पुढचा प्रश्न ऐसा उभा राहिला की पूर्वी या पाणी कोठे पीत होत्या. समाधान आणि धोंडीरामजी या दोघांनी एकाच वेळी मान वळवून नागेश मेस्त्रींकडे पाहिले, आणि नागेश मेस्त्रींनी पलंगावर कूस बदलून भिंतीकडे तोंड केले.

तिघे मिळून केबिनीमागे गेले. वाळू वाळून खडखडीत, आणि पूर्वी जेथे एसीचे पाणी ठिबके त्या जागेशेजारी जमिनीस बारीक बारीक भोके, आणि भोकांतून तीच काळी दोरी निघून, कोरड्या जागेस एक वळसा घालून, भिंतीवर चढलेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाणवठा कँपबॉसाच्या एका हुकुमाने बुडाला होता आणि रयत गाव सोडून निघाली होती. धोंडीरामजींस एकदम आपल्याच, गाव सोडून इकडे आलेल्या लोकांची आठवण आली. नागेश मेस्त्रींनी मात्र बाजू मांडली की नळी काढिली तर कँपबॉस मला काढील, काम कायद्यात आहे, आणि मुंग्यांपायी नोकरी घालवणारा कुडाळात अद्याप जन्मास आला नाही. यावर बराच वेळ खलबत चालले आणि शेवटी तडजोड निघाली. नळी जागेवर राहावी, कॅन जागेवर राहावा, तपासणीस येणाऱ्यास दोन्ही दिसावे. मात्र नळीच्या खालच्या अंगास, भिंतीच्या आडोशास, सुईने एक भोक पाडावे. सुई समाधानाने शर्टाची बटणे लावावयास ठेविली होती ती आणिली. भोक पाडण्याचा मान नागेश मेस्त्रींनीच घेतला आणि घेताना म्हणाले, "माझ्या कामात भोक माझ्याच हातान पडूंक होया."

पहिला थेंब वाळूत पडला आणि जिरला. दुसरा पडला. मग धोंडीरामजी आत गेले आणि एकेक करून सारे खंदक उपसले. ताटे, वाट्या, कप, परात आणि दाढीचा मग, सारे कोरडे करून मुदपाकखान्यात रवाना केले, आणि हे करिताना त्यांनी मनोमन आईची क्षमा मागितली, कारण किल्ल्याचा खंदक स्वहस्ते बुजविणे हे आईच्या शिकवणीस सोडून होते. डबा उघड्या टेबलावर, निःशस्त्र. तिघे पलंगांवर बसून पाहू लागले. काळी दोरी प्रथम गोंधळली, कोरड्या टेबलावर फिरली, मिशा हलवून आपसांत काही सल्लामसलत जाहली, आणि मग सांजेपूर्वीच ती मागून पातळ होत, पुढून सरकत, खिडकीच्या फटीतून ओढून घेतल्यागत बाहेर गेली. शेवटची मुंगी फटीपाशी क्षणभर थांबली. समाधानाने तिला हात हलवून निरोप दिला आणि नागेश मेस्त्रींनी त्यास येडो म्हटले, पण प्रेमाने.

तह तेथेच ठरला. एसीच्या नळीचा ठिबक, भिंतीच्या आडोशाची ओली वाळू, आणि तीवर उगवेल ते गवत, हे मुंग्यांस वंशपरंपरेने इनाम. त्यांनी खिडकीच्या आत पाय ठेवू नये. आणि कँपबॉस यांस यातील काही कळू नये. उभयपक्षी मान्य.

ईद आली. सकाळी नमाज आटोपून खानसाहेब बदरुद्दीन खांद्यावर बॅग टाकून, नवा कुर्ता घालून, अत्तराच्या वासासह दारात उभे राहिले. गळाभेटी जाहल्या. कपड्यांची मुक्कामास असलेली फौज पलंगावरून हलविली. मग धोंडीरामजींनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि तेव्हा त्यांची छाती ऐसी फुगली होती की शर्टाचे बटण तुटते की काय ऐसे समाधानास वाटले. खानसाहेबांनी ब्लेडने शिवण उसविली, हळू, एकेक टाका, आपल्या आईचा टाका ओळखून. मांजरपाट बाजूस केला. झाकण उचलिले. लाडू वेडेवाकडे, एक मोठा, एक लहान, एक तर चपटा होऊन बसलेला, आणि प्रत्येकावर लहान बोटांचे ठसे. आणि सर्वांत वरच्या लाडवावर, माथ्यावर, एक मुंगी.

धोंडीरामजींनी ती पाहिली. त्यांस वाटले की आपण मेलो तर बरे. मुंगीही शिवणार नाही म्हणालो होतो, नेमके तेच बोललो होतो. खानसाहेब लाडवाकडे पाहत राहिले. इतक्यात समाधान वाकून, डोळा डब्यास लावून म्हणाला की ही आपली नव्हे. ही तांबडी आहे, अंगाने भरलेली, चालीने सावकाश. येथल्या काळ्या, लुकड्या, घायकुत्या. आणि शिवण तर आत्ता उसवली. ही आत आली नाही, ही आतच होती. म्हणजे कोकणातली आहे. नागेश मेस्त्री म्हणाले की विमानातून आली, व्हिसा नाही, राहण्याचा इकामा नाही, हमीदार कफील नाही, आणि आपल्यास मात्र दरवर्षी रांगेत उभे करितात.

खानसाहेबांनी फोन काढिला आणि घरी लाविला. ईदेच्या मुबारका जाहल्या, मग त्यांनी झेबाबीबीस लाडवांची तारीफ सांगितली आणि हसत हसत सांगितले की तुझ्या डब्यात एक मुंगी निघाली. पलीकडून लगेच आवाज आला, आणि स्पीकर लाविला असल्याने तो सर्वांनी ऐकला.

"ती मीच घातलीय, अब्बा. वाटेत लाडवांना सोबत नको? तिला सांगितलंय, अब्बा येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाय."

खानसाहेब फोन कानास लावून भिंतीकडे वळले आणि त्यांचे खांदे हलू लागले, ते हसत होते की रडत होते ते कोणास समजले नाही, बहुधा दोन्ही. धोंडीरामजी खुर्चीवर बसले. डबा समुद्र ओलांडून आला, इतके दिवस मांजरपाटाआड काळोखात राहिला, आणि इकडे ते परातीवर परात भरीत होते, आणि आत एक इवलीशी बाई एकटी, हुकुमाची ताबेदार, जागची हलली नव्हती. तिने लाडवाचा एक कोपरा कुरतडला होता. पण तो पगार म्हणून, आणि फार थोडा.

येणेप्रमाणे रास तनुऱ्याची मोहीम फत्ते जाहली. झेबाबीबीचा डबा अखंड राहिला, काळ्या फौजेचा एकही शिपाई आत शिरला नाही, आणि ज्या जागी धोंडीरामजी वेल्डर यांचे नाव किल्लेदार म्हणून लिहावयाचे होते, ते त्यांनीच आपल्या तोंडाने खोडावयास सांगितले. किल्लेदार, तांबडी मुंगी, राहणार रत्नागिरी, नेमणूक झेबाबीबी यांच्या हातची. नायब किल्लेदार, धोंडीराम वेल्डर. बाहेर सोडिली तर परक्या वासाची म्हणून काळ्या तिला जगू देणार नाहीत ऐसे समाधानाने सांगितले, सबब खानसाहेब रजेवर जाताना तिला घरी नेईतो तिचा मुक्काम त्याच डब्यात ठरला, आणि काळ्यांस आता बाहेर पाणी असल्याने मुदपाकखान्यातून परात पुन्हा मागवून डब्याभोवती खंदक भरिला, या वेळी आतल्याच्या रक्षणास. मग नायबाने बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घेतला आणि वाकून किल्लेदारापुढे नजराणा म्हणून धरिला. ती पुढे आली, मिशा लावून पाहिल्या, आणि बराच वेळ पीत राहिली.